डावी बाजू

प्रिय दादा,

तीन रविवार झाले, तू कोर्टावर आला नाहीस. फोन केला की वहिनी सांगते, ते गच्चीत आहेत, अंघोळीला गेलेत. इतक्या अंघोळी तू जन्मात केल्या नसशील. रोज सकाळी नातीला शाळेत सोडून माझ्या दवाखान्यावरून परत जातोस, पण हॉर्नसुद्धा वाजवत नाहीस. कळतं मला. पंधरा-दोन असा धुव्वा उडवला मी तुझा, तोही सगळे चेंडू एकाच बाजूला मारून. बाहेर पडताना तू म्हणालास, बहिणीसारखी नाही, वैऱ्यासारखी खेळलीस. फार लागलं मला ते. पण तुला खरं काय ते तिथे, चारचौघांत सांगवेना.

तुला आठवतं का, बाबांच्या कारखान्याच्या त्या बंदिस्त रॅकेटबॉल कोर्टात तू मला पहिल्यांदा नेलंस तेव्हा मी लिंबूटिंबू होते? माझे गुण कोणी मोजायचं नाही, पण धावायचं मात्र सगळ्यांइतकंच. चार भिंती आणि वर छत, कशालाही चेंडू लागलेला चालतो, एवढंच मला कळलं होतं. येईल तो चेंडू मी जीव खाऊन समोरच्या भिंतीच्या पायथ्याशी हाणायचे आणि निम्मे जमिनीवरच आपटायचे. शेवटी तू माझी रॅकेट काढून घेतलीस आणि मला मधोमध उभं केलंस. आधी दुसरा कुठे आहे ते बघ, म्हणालास. तो तुझ्या मागे असेल तर पुढे खाली मार, त्याला पोचता येणार नाही. तो पुढे असेल तर भिंतीलगत त्याच्या बाजूने काढ. आणि तूच कोपऱ्यात अडकली असशील तर मर्दुमकी नको, सरळ छताला लाव. चेंडू पार मागे जातो, त्याच्यामागे तोही जातो, आणि तुला मध्ये यायला वेळ मिळतो. या सगळ्याच्या वर तुझा एक नियम होता. मारताना कोणी जवळ असेल तर हात थांबवायचा, जिंकणारा फटका असला तरी. गुण पुन्हा खेळता येतो. इतक्या वर्षांत कितीदा तरी तुझी रॅकेट माझ्या कानाजवळ येऊन थबकली असेल, आणि तू नुसतं 'पुन्हा' म्हणून चेंडू माझ्याकडे टाकला असशील.

गेल्या हिवाळ्यापासून तुझा खेळ बदलला. डाव्या भिंतीलगत येणारे चेंडू तू पूर्वी वरच्यावर टिपायचास, ते आता मागच्या भिंतीवर आपटून परत येईपर्यंत थांबायला लागलास. पुढे मोकळं मैदान असतानाही छताला लावायला लागलास. मी घरी जेवताना ह्यांना कौतुकाने सांगितलं, की दादाला अखेर शहाणपण आलं. तू खेळताना घालायचा गॉगल बदललास, मग तोही बदललास, आणि दुकानदाराला शिव्या घातल्यास. तरी माझ्या डोक्यात प्रकाश पडला नाही.

मग त्या एका रविवारी मी तुझ्या डावीकडे हातभर अंतरावर उभी होते आणि तू पूर्ण जोरात रॅकेट फिरवलीस. माझे केस हलले, दादा. तुझा हात थांबला नाही. उलट वळून विचारलंस, तू कुठून उगवलीस? आपण दोघं हसलो. घरी आल्यावर मात्र हिवाळ्यापासूनचा तुझा खेळ मी मनात पुन्हा लावून पाहिला. म्हणून पुढच्या रविवारी मी तुझाच धडा तुझ्यावर चालवला. सगळे चेंडू डाव्या भिंतीलगत, आणि मुद्दाम हळू. पोरासोरांनी घेतले असते असे. तू वाट बघत उभा असायचास, आणि चेंडू तुझ्या बाजूने निघून जायचा. मला वैरी म्हणालास तेव्हा मला रडू येत होतं.

बाबा म्हणायचे दिवे मंद झालेत. घरातले सगळे बल्ब त्यांनी बदलून घेतले आणि मग वायरमनला झापलं. काचबिंदू रक्तातून येतो, दोघांनीही तपासून घ्या, असं डॉक्टरांनी आपल्याला तेव्हाच बजावलं होतं. मी जाऊन आले. तू पुढच्या वर्षी म्हणालास आणि ते वर्ष काही उजाडलं नाही. मी दातांची डॉक्टर, डोळ्यांतलं मला काय कळतं असं म्हणशील. पण तुझा खेळ मला तुझ्याहून जास्त कळतो.

तेव्हा हे पत्र रुसवा काढायला नाही. तुझ्या गाडीची डावी बाजू खरवडलेली मी पाहिली. फाटकाचा खांब चुकीच्या जागी बांधलाय म्हणे! तो खांब तुझ्या लग्नाआधीपासून तिथेच आहे. कोर्टावर मी वाचले, पण रस्त्यावर कोणी 'पुन्हा' म्हणून चेंडू टाकत नाही, आणि गाडीत आपली पोर असते. उद्यापासून तिला मी शाळेत सोडेन. बुधवारी डोळ्यांच्या डॉक्टरांची वेळ घेतली आहे, न्यायला मीच येते. गेलेली नजर परत येत नाही, पण उरलेली राखता येते, हे आपण बाबांच्या वेळी उशिरा ऐकलं. वहिनीला मी अवाक्षर बोललेले नाही, ते तूच सांग. आणि पुन्हा खेळायला लागलास की आपण दुहेरी खेळू. अवघड बाजू थोरल्याची म्हणून तू आजवर कायम डावीकडे उभा राहिलास. आता तू उजवीकडे उभा राहा. डावीकडून काही आलं तर मी आहे.

तुझीच,
लिंबूटिंबू