कनेटिकटला पहिला नंबर दिला, त्याची हकीकत

तीर्थस्वरूप हॉयटदादा यांस,

तुमच्या धाकट्या बहिणीच्या नवऱ्याचा, डेल्फसचा, नमस्कार. तुमची पाठ आता बरी असेल आणि कनेटिकटच्या बर्फाने तुम्हांला अजून घरात कोंडलं नसेल, अशी आशा आहे. इकडे टेनेसीत आम्ही सुखरूप आहोत. म्हणजे आयडेला सुखरूप आहे. मी नुसता जिवंत आहे, आणि त्याचं कारण जरा सविस्तर लिहावं लागेल.

शनिवारी सकाळी नोव्हा लीच्या हॉटेलातून आपल्या गावच्या रेडिओचा बास्केटबॉलचा कार्यक्रम चालतो, ते तुम्हांला आठवत असेल. (लोक पावासारख्या मऊ, गरम बिस्किटांवर ग्रेव्ही ओततात आणि तोंडात घास असताना देशभरच्या कॉलेजांचा निवाडा करतात.) गेल्या शनिवारचा विषय होता मुलींचे संघ : सगळ्यांत थोर कॉलेज कोणतं, आणि तिथल्या मुली पुढे व्यावसायिक संघांत किती टिकतात. नेहमीच्या जाणकारांचा घसा बसलेला. तेवढ्यात कोणीतरी माझं नाव सुचवलं. मी एकोणीस वर्षं क्लोव्हर फोर्क कॉलेजच्या मुलींची बस चालवली, तेव्हा मला या खेळातलं सगळं कळतं, असा त्या भल्या माणसाचा समज. (ड्रायव्हरला आरशात फक्त झोपलेल्या मुली दिसतात. पण समोर माइक आला की हे कोण सांगत बसतो?)

तर दादा, मी बोललो. पहिलं कनेटिकट, दुसरं टेनेसी, तिसरं साउथ कॅरोलायना. टेनेसीचा मान मोठा, आपण सगळे त्यावरच वाढलो, पण हल्ली पुढे जाऊन कमावणाऱ्या मुली बघितल्या तर कनेटिकटच, असं मी अगदी शांतपणे समजावून सांगितलं. हॉटेलात त्या वेळी चाळीसेक माणसं होती आणि झाडून सगळ्यांच्या अंगावर टेनेसीचा नारिंगी रंग होता. माझ्याही. एकाएकी इतकं सामसूम झालं, की स्वयंपाकघरात तडतडणारं बेकन रेडिओवर ऐकू गेलं म्हणतात.

एवढ्यावर थांबलो असतो तरी निभावलं असतं. पण निवेदकाने विचारलं, आपल्या डार्बीचं काय? डार्बी म्हणजे नोव्हा लीची नात. क्लोव्हर फोर्ककडून खेळते, यंदा शेवटचं वर्ष. ती व्यावसायिक संघात जाणार हे गावाने ती नववीत असतानाच ठरवून टाकलंय; गल्ल्यामागे तिचा फोटो आहे आणि त्याखाली कोणत्या संघात जाणार ते लिहायला जागा सोडलेली आहे. आणि मी म्हणालो, "नाही जायची ती."

मी खोटं बोललो नव्हतो, दादा. दोन वर्षांपूर्वी घाटात बस बंद पडली, तेव्हा बाकीच्या मुली गाणी म्हणत बसल्या आणि ही पोर माझ्याबरोबर बॉनेटमध्ये डोकं घालून उभी राहिली. बिघाड तिनेच शोधला. त्या दिवसापासून ती माझ्या मागच्या सीटवर बसून इंजिनाबद्दलच बोलायची. चॅटानूगाला रेल्वेच्या कारखान्यात तिला नोकरी ठरली आहे, ते फक्त मला ठाऊक होतं. आजीचं मन मोडेल म्हणून कोणाला सांगू नका म्हणाली होती. मी कारण नाही सांगितलं. नुसतं 'नाही' म्हणालो. ते जास्तच वाईट झालं. नोव्हा ली आली आणि माझी अर्धी भरलेली बशी उचलून घेऊन गेली. रविवारी चर्चमध्ये आमच्या बाकावर आम्ही दोघंच. (आयडेला म्हणाली, पाय पसरायला बरं झालं. पण तिचा आवाज काही बरा नव्हता.)

सोमवारी डार्बी दारात. मला वाटलं, आता ही मला फैलावर घेणार. ती म्हणाली, "डेल्फसकाका, चला माझ्याबरोबर. एकटीला धीर होत नाही." दुपारी हॉटेल रिकामं असताना आम्ही गेलो. पोरीने मान खाली घालून सगळं सांगितलं. नोव्हा ली बराच वेळ एकच टेबल पुसत राहिली.

"मला का नाही सांगितलंस?"

"तुला फोटोखाली नाव लिहायचं होतं ना, आजी."

"मला?" नोव्हा ली म्हणाली. "अगं, तुझे सुजलेले गुडघे मी रोज बघते. चार वर्षं माझा जीव टांगणीला लागलाय. तुला हवंय असं वाटलं, म्हणून मी सगळ्यांना सांगत सुटले."

मग त्या दोघी हसायला लागल्या, हसता हसता रडल्या, आणि मी उगाच मीठदाण्या सरळ करत बसलो. गुरुवारच्या सामन्यात डार्बीने एकतीस गुण केले. इतकी मोकळी खेळताना तिला मी कधी पाहिलं नव्हतं. नोव्हा ली तर शेवटी खुर्चीवर चढली, आणि तिला खाली उतरवायला दोन माणसं लागली.

सर्वांना नमस्कार, लहानांना आशीर्वाद.

तुमचा,
डेल्फस

ता. क. : डार्बीचं गावाने मला माफ केलं. कनेटिकटचं नाही. म्हणून मी सांगून टाकलंय, की ती यादी तुम्ही पाठवली होती आणि मी फक्त वाचून दाखवली. तेव्हा तशी एक यादी तुमच्या हस्ताक्षरात, मागच्या महिन्याची तारीख घालून, उलट टपाली पाठवावी ही विनंती. मुळात पत्र त्याचसाठी लिहायला घेतलं होतं.

ता. क. २ : आयडेलाने हे वाचलं. ती म्हणते, "दादाने उलट टपाली उत्तर जन्मात दिलेलं नाही. त्याच्या अक्षरात यादी मीच लिहून काढते." तेव्हा तुम्ही काही पाठवू नका. फक्त नोव्हा लीचा फोन आला तर यादी तुमची नाही असं म्हणू नका, आणि पुढची चार-पाच वर्षं इकडे येऊ नका.