बुरसातला गुंता

आवडे,

मी सकाळच्या मोटारीनं रिसोडले चाललो. तुले शांत झोप लागली होती, म्हून उठवलं नाही.

काल तू हट्टच धरला का आता घर मीच झाडीन. झाड, पण केरसुणीले हात लावू नोको. जिनिंगमधली रुई उडून तुह्या नाकातोंडात गेली का पुन्हा खोकला सुरू. या बंगल्यात जिनिंगच्या जुन्या मालकानं ठेवलेली धूळ ओढायची मशीनच घे. जिनिंगचं इंजिन चालते तवरच घरात करंट राह्यते, म्हून जेवणाच्या सुट्टीआधी आटप. गालिच्यावर बुरूस खाली करून हळूहळू ढकलजो, घाई केली त रुई तशीच राह्यते. फरशीवर बुरूस वर उचलजो, नाही त सारा कचरा खोलीभर उधळते. सैपाकघरातल्या सारवलेल्या भुईवर मशीन नेऊच नोको. मी नेली होती, सारे पोपडे निघाले. मशीनची पिशवी मी आल्यावर झटकतो.

तुह्या मुदतीच्या तापानंतर मशीन घडीघडी अडकत होती. बुरसाले तुह्या गळलेल्या केसाईचा गुंता बसत होता. तुले दिसू नये म्हून मी तो कातरीनं कापून बाभळीखाली पुरत होतो. काल सांजच्याले बुरूस उलटा करून पाह्यला, त केस एकही नाही, नुसती सुतळी निघाली.

तुह्या बाबाले तेच सांगाले चाललो, का पोरगी बरी झाली, आता तिले माहेरी न्याले येऊ नका.

पेटीत ठेवलेला आरसा काढून पुन्हा खुंटीवर लावला हाये. पाह्यजो.

पुंजाजी