दारातला ट्रॅक्टर

बाळापूरजवळचा तांडा,
६ नोव्हेंबर २०२५

चि. संगिता,

तुझ्या दादीचा तुझ्या डोक्यावर हात. आमी बरे आहोत. गुडघा दुखून राहिला, पण चालते. तुझे आईबाप ऊसतोडीला पोचले, तुझ्या बापाचा, रणजीतचा फोन आला होता. काळी शेळी व्याली, दोन पिल्लं, दोन्ही माद्या. तू माझा फोन उचलत न्हाईस, म्हणून चौथीपर्यंतचं शिक्षण बाहेर काढलं. अक्षर वाकडं हाय, सांभाळून घे.

आनंदाची गोष्ट अशी, की हिंगोलीच्या त्या संस्थेनं तुझी मदत मंजूर केली. सीएच्या शेवटच्या परीक्षेची फी, क्लास, नांदेडच्या खोलीचं भाडं, सगळं. संस्थेच्या किशनराव सायबांनी दिलेला कागद सोबत हाय. शिक्का निळा हाय. मी तो अख्ख्या तांड्यात फिरवला. आपल्या तांड्याच्या नाईकाची बायको म्हणे, नानीबाई, तू तर लगीन जमल्यावानी हिंडून राहिली. मी म्हटलं, लगीन तर कोणाचंबी जमतं.

आता तू विचारशील, महिन्याआधी यांनीच नामंजूर म्हणून कळवलं होतं, मग आता कसं काय. तवा कारण लिहिलं न्हवतं. तू म्हणालीस, "दादी, मी एकदा नापास झाले ना, नापासाला कोण मदत देतं?" अन क्लास सोडून कपड्याच्या दुकानात बिलं फाडायला लागलीस. मी फोनवर गप ऱ्हायले. तेच सांगायचं हाय, पण दमानं सांगते.

दसऱ्याआधी किशनराव आपलं घर पाहायला आले. एक दिवस आधी निरोप होता. आपल्या तांड्यात पाव्हणा आला की ज्याच्या घरी जे चांगलं ते त्या घरी येतं, तुला ठाऊक हाय. नाईकाच्या खुर्च्या आल्या. शेजारच्या धर्मसिंगचा टीव्ही आला, त्याचा छोटा फ्रीजबी आला, आत बर्फ सुदिक होता. नाईकणीनं आपली चांदी माझ्या अंगावर चढवली. कोंबडं कापलं. सायब दोन घास खाऊन इकडंतिकडं पाहून राहिले. खुर्च्या ज्या ट्रॅक्टरात आल्या तो दारातच उभा होता, नाईकाचा. सायबांनी विचारलं, "आजी, हा तुमचा का?"

संगिता, मी मान हलवली.

कोणी शिकवलं न्हवतं. चांदी अंगावर होती, समोर मोठा माणूस होता, हलली मान. त्यांनी वहीत काहीतरी लिहिलं. पुढं नामंजूर आलं तवाच मला समजलं, का आलं ते. मग तू दुकानात लागलीस, तरी मी बोलले न्हाई. दिवाळी अशीच गेली. अनारसे केले, एकबी गोड लागला न्हाई.

पाडव्यानंतर शंकरसिंग नाईकाला खरं सांगितलं. तो चिडला न्हाई, म्हणाला, चल. एसटीनं हिंगोलीला गेलो. सायब म्हणाले, "त्या दिवशी काहून सांगितलं न्हाई?"

मी म्हटलं, "सायब, पाव्हण्याला रिकामं घर दाखवायची लाज वाटली."

त्यांनी वही काढून ते पान पाहिलं. मग म्हणाले, पुन्हा येतो, पण या वेळी कोणाकडून काही आणायचं न्हाई. आले. पोत्यावर बसले, कोरा चहा पिले. धर्मसिंगची बायको दोनदा खुर्ची घेऊन आली, दोनदा तिला माघारी धाडलं. तिसऱ्यांदा ती नुसती दारात उभी राहून हळहळली. सायब हसले. मला वाटलं, आता काम झालं.

परीक्षेचा फारम सोळा तारखेपर्यंत भरायचा हाय असं ते म्हणाले. न्हाई भरला तर ही मदत दुसऱ्या पोरीला जाणार. दुकानवाल्याला काय सांगायचं ते तू बघ. धर्मसिंग उद्या नांदेडला चालला, त्याच्याच हाती हे पत्र देते.

तू नापास झाली म्हणून नामंजूर झालं न्हवतं. माझ्यामुळं झालं होतं. हे नाईकाला सांगितलं, सायबाला सांगितलं, अन ज्या लेकराचं होतं तिला सगळ्यात शेवटी सांगून राहिले. माझ्याशी बोलू नको वाटलं तर नको बोलू. फारम तेवढा भर.

नातीला खरं सांगायला महिना लावलेली,
तुझी दादी
नानीबाई