भिंतीवरची खालची ओळ

अंबड,
४ फेब्रुवारी २०२५

प्रिय सुमित,
सप्रेम जय भीम.

मी बरी आहे. थंडीत आईचे गुडघे धरतात, तेवढं सोडलं तर तीही बरी आहे. गावच्या घराचा स्लॅब झाला, आता प्लास्टर चालू आहे. कोर्टात तारखांवर तारखा, म्हणजे नेहमीचंच. तुझे फोन मुद्दाम उचलले नाहीत. फोनवर मी शिव्या दिल्या असत्या. पत्रात माणूस जरा सभ्य राहतो. बघू किती राहते ते.

तुझं प्रदर्शन मी शनिवारी पाहून आले. पुण्यात एका अशिलाचं काम होतं, तुला कळवलं नाही. त्या रस्त्यावर गॅलऱ्यांची रांगच आहे, म्हणून आधी शेजारच्या दोन पाहिल्या. एकीत खुर्च्या होत्या. बसायला मनाई होती, आणि बसता आलंही नसतं, कारण एकाही खुर्चीला बैठकच नव्हती. दुसरीत बांबूच्या टोपल्या छताला उलट्या टांगून त्यांना ‘श्वास’ नाव दिलं होतं. एक बाई त्यांच्याखाली डोळे मिटून उभी होती. मला वाटलं चक्कर आली, म्हणून पाणी हवंय का विचारलं. तिनं माझ्याकडे असं पाहिलं की मी गुपचूप बाहेर आले.

मग तुझं दालन. पांढऱ्या भिंती, वरून दिवे, आणि मधोमध लोखंडी चौकटीत उभी आपली भिंत.

घर पाडायला काढलं तेव्हा तू माणसं आणि विटा कापायचं मशीन घेऊन आलास. मी आईला विचारलं होतं, कशाला नेतोय? ती म्हणाली, “दादाची आठवण म्हणून न्हेतो म्हनला. मंग मी कशाला न्हाई म्हनू?” वडिलांची आठवण अशी दिव्याखाली मांडतात, हे तिला बिचारीला काय माहीत.

तुझी पाटी मी नीट वाचली. ‘अनुपस्थिती. मराठवाड्यात लग्नाआधी घराच्या दर्शनी भिंतीवर वधूवरांची नावं रंगवतात. या लग्नाला वराकडून नकार आला. पित्याने वराचं नाव चुन्याने पुसलं. उरली ती स्त्रीच्या प्रतीक्षेची रिकामी जागा. कलावंत: सुमित तातेराव.’

प्रतीक्षा! कुणाची रे बाबा? मी चौदा वर्षं वकिली करते, वाट बघायला लोक माझ्या दारात बसतात. माझ्या बाजूला एक दाढीवाला गृहस्थ सोबतच्या मुलीला सांगत होता, “किती धाडसी पांढरा आहे हा.” तो गोठ्याला लावून उरलेला चुना होता. मी त्याला सांगितलं नाही, उगाच त्याची संध्याकाळ खराब झाली असती.

आणि वर तुझा मेसेज. रविवारी समारोपाच्या चर्चेला मी यावं, तुझ्याशेजारी बसावं. ‘ताई, काही बोलू नकोस, तुझं नुसतं असणं पुरेसं आहे.’ हे तुला कुठल्या कोर्समध्ये शिकवलं?

आता ऐक. तू तेव्हा नववीत होतास, वसतिगृहात. गावाला जे सांगितलं तेच तुला सांगितलं. वराकडून नकार आला नव्हता.

मच्छिंद्र पेंटर भिंत रंगवत होता. वर ‘मंगल परिणय’, कडेनं पिंपळपानं, डावीकडे आयुष्मती अक्षता, उजवीकडे नवऱ्या मुलाचं नाव. माझ्या नावाखाली एक ओळ: बी.ए., एलएल.बी. आपल्या भावकीत तोवर कुणी वकील झालं नव्हतं. दादांनी मच्छिंद्रला बजावलं होतं, ही ओळ रस्त्यावरून वाचता आली पाहिजे. त्यामुळे ती नावाहूनही मोठी झाली. त्याच दिवशी नवऱ्या मुलाचा मामा मांडवाची जागा बघायला आला आणि भिंतीसमोर थांबला.

“आमचं पोरगं बारावी हाय,” तो म्हणाला. “त्याच्या नावाखाली काय लिव्हनार? पोरीचं पुसून टाका, म्हंजे बराबर दिसंल.”

मी आत जाऊन मुलाला फोन लावला. मला तो आवडला होता, हेही आता सांगून टाकते. खूप आवडला होता. तो म्हणाला, “पुसू दे ना, अक्षता. भिंतीवरचंच तर हाय.” मी बाहेर आले तेव्हा दादा मच्छिंद्रला सांगत होते, “पुस बाबा. एका ओळीपायी लग्न मोडावं का?” मच्छिंद्र ब्रश धरून नुसता उभा. चुन्याची बादली मी उचलली. दिवसाढवळ्या, सगळ्यांदेखत, मी नवऱ्या मुलाचं नाव पुसलं.

नकार तिकडून आला, असं दादांनी पसरवलं. पोरीनं मोडलं म्हटल्यावर पुन्हा कोण येणार, असं त्यांना वाटलं. तसंही कुणी आलं नाही. मला त्याचं वाईट वाटत नाही असं नाही, काही दिवस फार वाटतं. पण त्यांना खोटं पाडायचं नाही म्हणून ते होते तोवर मी गप्प राहिले. माझी माफी त्यांनी कधी मागितली नाही. दर दिवाळीला घराला रंग दिला, त्या भिंतीला मात्र हात लावू दिला नाही. मजुरांना म्हणायचे, “ती ओळ ऱ्हाऊ द्या.” माफी म्हणून मला तेवढं पुरलं.

सुमित, तुझ्या चौकटीत ती ओळ नाही.

मी खाली वाकून पाहिलं. चौकट माझ्या नावाच्या बुडाशी संपते. तिथल्या तुझ्या मदतनीस मुलीला विचारलं. म्हणाली, “खाली काहीतरी टेक्स्ट होतं, पण सरांना ते कॉम्पोझिशनमध्ये जड वाटलं.” बाकीच्या विटा नव्या ओसरीच्या भरावात गेल्या, असं आई सांगते.

जे त्या मामाला जमलं नाही, दादांनी सांगूनही मच्छिंद्रच्यानं झालं नाही, ते तू मशीन लावून केलंस. वर माझ्या प्रतीक्षेवर निबंध लिहिलास. तुझी फी भरायला मी याच पदवीवर उभी राहिले होते, तेव्हा ती तुला जड वाटली नाही.

रविवारी मी येते आहे. शेजारी बसायला नाही. माझ्यासोबत मच्छिंद्र असेल. हल्ली तो फ्लेक्सवाल्याकडे असतो, पण हात अजून तसाच आहे. चौकटीच्या खाली, तुमच्या त्या पांढऱ्या भिंतीवर, तो ती ओळ काढेल. काल विचारत होता, “ताई, अक्षर केवढं धरू?” मी म्हटलं, दादांनी सांगितलं होतं तेवढंच.

गॅलरीवाल्यांची परवानगी तू काढून ठेव. पाटीवरचा ‘पित्याने’ खोडून तिथे माझं नाव तू स्वतःच्या हातानं लिही. तेवढं आधी झालेलं दिसलं, तर चर्चेनंतर आपण जेवायला जाऊ. नाही दिसलं, तर मी मच्छिंद्रला घेऊन परस्पर निघेन, आणि पुढची राखी तू कुरिअरनंही मागू नकोस.

अजून तरी तुझी,
ताई