मेसमधला हळू वाजणारा बँड

माय,

आज लातुरात आमचा कार्यक्रम आहे. इतकी वर्षं गावोगाव वाजवत फिरलो, पण आपल्याच गावानं कधी बोलावलं नव्हतं. दुपारी मुद्दाम आपल्या गल्लीत जाऊन आले. तुझ्या मेसच्या जागी आता अभ्यासिका आहे, दारावर 'शांतता राखा' अशी पाटी. मला हसूच आलं. ती पाटी तू असतानाच लावायला हवी होती, तुझा घसा तरी वाचला असता.

दुपारचं शेवटचं ताट उचललं की आम्ही टेबलं भिंतीला लावायचो. मी गायला, गादीवाल्या चाचांचा मुलगा गिटारवर आणि माझी वर्गमैत्रीण ड्रमवर. वरच्या खोल्यांत औसा, किनवट, कुठकुठून आलेली क्लासची पोरं डॉक्टर व्हायचं म्हणून पुस्तकांत डोकी घालून बसलेली. तू पोळपाटापुढून न उठताच ओरडायचीस, "हळू रे! लेकरं अभ्यास करून राहिलीत." शेवटी चाचांनी ड्रमवर टाकायला जुन्या गाद्या दिल्या, आणि मी तोंडातल्या तोंडात गायला शिकले. म्हणवून घ्यायला रॉक बँड, पण आमच्यापेक्षा तुझ्या कुकरची शिट्टी मोठी.

मग नांदेडच्या एका कॉलेजातलं गॅदरिंग, आमचा पहिलाच कार्यक्रम. तू डब्यात भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी बांधून देतेस आणि बजावतेस, "गायच्या आधी कुणाचं लोणचं खाऊ नको, घसा धरतंय." आम्ही स्टेजवर चढतो, गाणं सुरू करतो, आणि मागून पोरं ओरडायला लागतात, "आवाज! आवाज!" साउंडवाला वायरी तपासत धावतो. वायरी ठणठणीत होत्या गं. आम्हालाच मोठ्यानं वाजवता येत नव्हतं, सवय इतकी अंगात मुरली होती. दुसऱ्या गाण्याला आम्हाला खाली उतरवलं आणि डीजे लावला.

घरी येऊन मी ओट्याशी बसून रडले. म्हटलं, झालं, आता गाणं बंद. मी खरंच सोडणार होते. तू कणीक मळत होतीस. वर न बघता म्हणालीस, "तिथं कोण अभ्यास करून राहिलं होतं गं?" इतका राग आला तुझा! सवय लावणार तू आणि वर मलाच विचारणार. दोन दिवस मी तुझ्याशी धड बोलले नाही.

रविवारी पोरं चाचणी देऊन परतली तेव्हा तू पदर खोचून जिना चढलीस. एरवी खालूनच हाका मारणारी तू, पण त्या दिवशी एकेक दार वाजवून सांगत गेलीस, "आज पुस्तकं मिटा बाबांनो. खाली या. माझी लेक गाणार हाय." ड्रमवरच्या गाद्या तू स्वतः ओढून काढल्यास. पोरं ताटं घेऊन बसली. आधी माझा आवाजच फुटेना. तू वाढता वाढता पळीनं 'वर, वर' अशी खूण करत होतीस. आणि फुटला माय, एकदाचा फुटला! शेजारचे काका भांडायला आले, "काय गोंधळ हाय ह्यो?" तर तू त्यांनाही बसवून ताट वाढलंस. त्या दिवसानंतर गाणं सोडायचं मनात आलं नाही. आजवर नाही.

सगळे गेल्यावर आपण दोघीच भांडी आवरत होतो. तू म्हणालीस, "आज शब्द कळले बघ." मग विचारलंस, "ती गाण्यातली बाई कोण गं? लई राबती बिचारी. सगळ्यांना वाढती, अन् तू जेवलीस का म्हणून इचारणारं तिला कुणी न्हाई. लई वाईट वाटलं मला तिचं." तुझे डोळे भरले होते.

मी म्हटलं, "कुणी नाही गं. अशीच, मनानं रचलेली."

खरं सांगायची लाज वाटली. पुढं सांगू कधीतरी, असं धरून चालले, आणि तू तेवढी थांबली नाहीस. आज तेच गाणं म्हणायचं आहे. हा कागद कुठल्या पत्त्यावर टाकू? राहील माझ्या पर्समध्ये.

ती मनानं रचलेली नव्हती, माय. आणि गाणं लिहून, चाल लावून, भर मेसमध्ये मोठ्यानं म्हणून झाल्यावरही, तू जेवलीस का, हे त्या दिवशी मी विचारलं नाही.