मंगळवारी कुणी नसतं

२९ सप्टेंबर, सोमवार
परत आलो. साताऱ्याकडचे किल्ले झाले, पठारावरची फुलं झाली, माझी कंबर गेली. गाडी सोसायटीच्या मागच्या भिंतीला लागते न लागते तोच सेक्रेटरी गॅलरीत. "आला का तुमचा टेम्पो?" टेम्पो नाही हो, शाळेची बस होती ती. हे मी दर वेळी सांगते आणि दर वेळी ते नव्याने हसतात. मुलीला शाळेत घालत नाहीत आणि शाळेची बस घेऊन गावभर फिरतात! हसा. आत ओटा, पलंग, पाण्याची टाकी सगळं बसवलं, बाहेरून निळा रंग मारला, तरी कोपऱ्यांतून पिवळा डोकावतोच.
मंदार लगेच गाडीखाली. तो त्या गाडीचा नवरा जास्त आहे, माझा कमी. मी धुण्यात. मुक्ता आल्यापासून खिडकीत. बारा वर्षांच्या मुलीने एवढं बघावं असं मुलुंडमध्ये काय आहे? विचारलं. "काही नाही. खाली मुलं आहेत."

३० सप्टेंबर, मंगळवार
आमचा वार. मं.ची मीटिंग, म्हणून आम्ही दोघीच रिक्षाने खाडीवर. खेकडे, चिखल, एक खंड्या. तिवरांची मुळं श्वास घ्यायला वर येतात हे तिने मला समजावून सांगितलं, जे मीच तिला कधीतरी सांगितलेलं. खुशीत होते मी. मंगळवारी जावं, कुणी नसतं. आमच्या घरात हे वाक्य देवासारखं. राणीची बाग, लेणी, किल्ले, समुद्र, सगळं मंगळवारी. रांग नाही, ढकलाढकली नाही.
डबा खाताना म्हणाली, "आई, कुणी असतं तेव्हा इथे कसं असतं गं?"
"कचरा असतो," मी म्हटलं.
बोलता बोलताच कळलं की हे उत्तर नव्हे.

२ ऑक्टोबर, गुरुवार
दसरा. सासूबाई विक्रोळीहून आल्या, येताना भाकरी आणि सुकटाची चटणी. सणाला सुकट कशाला, तर "नातीक आवडता म्हणान". जेवण झाल्यावर मला स्वयंपाकघरात गाठलं. "चेडवाक बरोबरीचा कोणतरी व्हया गो."
मुक्ताला बरोबरीचं कुणीतरी हवं म्हणे. मी आहे ना, म्हटलं.
"तू काय तिच्या वयाची?"
झालं. मी भांडी जोरात घासली. त्यांना सगळं माहीत आहे. पहिलीत असताना दप्तर दिसलं की मुक्ताला उलटी व्हायची. रोज. डॉक्टर म्हणायचे काही झालेलं नाही. मग मी लॅबमधली नोकरी सोडली आणि तिला घरी शिकवायला घेतलं, आणि महिन्याभरात पोरगी पुन्हा गाणी म्हणायला लागली. हे मी मनाचं सांगत नाही. सासूबाई म्हणाल्या, "तेव्हा ती सा वर्षांची होती." हे मला लागलं.
दुपारी मुक्ताने जाहीर केलं: गाडीत प्रदर्शन भरवायचं, सोसायटीतल्या सगळ्या मुलांना बोलवायचं. वा! मी लगेच पदर खोचला. म्हटलं, दाखवतेच सासूबाईंना.

५ ऑक्टोबर, रविवार
शंख, सापाची कात, सुगरणीचं घरटं, आठ प्रकारची माती बाटल्यांत. सगळ्यावर मुक्ताच्या अक्षरात चिठ्ठ्या. गाडी आतून पुसून काढली.
बसचं एक जुनं बाक आम्ही ठेवलंय, जेवायच्या टेबलासमोर. त्याच्या पाठीवर कुणीतरी कर्कटकाने कोरलंय: तन्वी, ३री ब. मुक्ता लहान असताना या तन्वीशी बोलायची. तन्वीला वांगं आवडत नाही, तन्वीला गाडी लागते. मला तेव्हा फार कौतुक, केवढी कल्पनाशक्ती! आज बघितलं तर त्या नावावर तिने रुमाल टाकून ठेवलाय.
आमंत्रणं करून प्रत्येक दाराखालून सरकवली. सोसायटीच्या ग्रुपवर पण टाकलं. भराभर अंगठे आले, दोन लाल बदाम. मंगळवार, सकाळी अकरा. वार मी ठरवला.

७ ऑक्टोबर, मंगळवार
मुक्ता नऊपासून तयार. माझी ओढणी साडीसारखी नेसून दारात उभी. मी पोहे केले, मोठ्या पातेल्यात. अकरा वाजले. सव्वाअकरा. मं. म्हणाला, "येतील गं, आपल्याकडे कोण वेळेवर येतं?" मांजर आलं. नंतर ए विंगमधले एक आजोबा, गुडघे दुखतात म्हणून पायरी न चढता बाहेरूनच "छान छान" म्हणून गेले.
शेवटी वॉचमन आला. आत डोकावला, पोह्यांकडे बघितलं. मग मलाच समजावल्यासारखं, "मॅडम, बच्चे तो स्कूल गए हैं ना. एक्झाम चालू है."
मंगळवारी कुणी नसतं. म्हणजे कुठे असतात? वर्गात असतात. एवढी साधी गोष्ट मला, मं.ला, मुक्ताला, तिघांपैकी एकालाही सुचली नाही! ज्यांनी अंगठे दिले त्यांना वाटलं असेल, रिकामटेकडे आहेत, भरवू देत.
मुक्ता रडली नाही. बाटल्या पुसून खोक्यात भरायला लागली. मी म्हटलं राहू दे, संध्याकाळी बघू. "नको," म्हणाली. "पोहे वॉचमनकाकांना दे."
वाट लागली माझी आज. बाथरूममध्ये नळ सोडून रडले.

८ ऑक्टोबर, बुधवार
काल संध्याकाळी बेल वाजली. बी विंगमधली ऋतुजा. सातवीत आहे, क्लासला निघालेली, पाठीवर सॅक. "काकू, प्रदर्शन संपलं का? आमची सहामाही चालू आहे ना." मुक्ता माझ्या मागून, "सहामाही म्हणजे?" ऋतुजाला वाटलं ती मस्करी करतेय. हसली. मग मुक्ता पण हसली, न समजता.
दोघी खाली गेल्या. दहा मिनिटं जेमतेम. ऋतुजाच्या आईची वरून हाक. त्या दहा मिनिटांबद्दल मुक्ता आज दिवसभर बोलतेय. ऋतुजाला सापाची कात हातात घ्यायला भीती वाटली पण तिने घेतली. ऋतुजाला इतिहास आवडत नाही. ऋतुजाला वांगं आवडत नाही.

१६ ऑक्टोबर, गुरुवार
परीक्षा संपल्या. खाली किल्ला चालू. विटा, पोती, माती, पाइपने पाणी. मुक्ता सकाळीच उतरली. मी वरून बघत होते, पडद्याआडून, चोरासारखी. पोरीने खरेखुरे किल्ले पायाखाली घातलेत. आता बघा म्हणावं, कोण काय दाखवतं ते.
मं.ला हाक मारली, ये बघायला. कानात हेडफोन, मीटिंग चालू, त्याने नुसता अंगठा दाखवला.

१७ ऑक्टोबर, शुक्रवार
भांडून वर आली. बुरूज चुकीच्या बाजूला होता. दरवाजा सरळ समोर ठेवला होता, तो असा कधीच नसतो, वळणात लपवतात, म्हणजे हत्तीला धावत येऊन धडक देता येत नाही. तिने सगळं बरोबर सांगितलं. मी शिकवलेलं, शब्दन्‌शब्द. आणि ते ऐकत नाहीत म्हणून दरवाजा पाडला.
"मग?"
"ओम म्हणाला, तू लय किल्ले बघितलेस ना, मग तिकडेच जा ना यार. हा आमचा किल्ला आहे."
मी तावातावाने म्हटलं, पण तुझंच बरोबर होतं!
ती पायांवरची माती झटकत होती. "बरोबर असून काय करू?"
एवढे किल्ले दाखवले. पण मातीचा एकही करू दिला नाही तिला, कारण दिवाळीत आमचं सामान बांधणं चालू असतं. शाळा उघडल्या की आम्ही निघतो. सगळीकडे रिकामं मिळतं.

१९ ऑक्टोबर, रविवार
स्वतःहून खाली गेली. पाडलेला दरवाजा पुन्हा बांधून दिला, सरळ समोर, त्यांना हवा तसा. हत्ती येऊ देत. संध्याकाळी मला बघायला नेलं. मावळ्यांच्या शेजारी प्लॅस्टिकचा झेब्रा, तोफेवर ट्रॅफिक पोलीस. मी तोंड उघडणार तेवढ्यात मुक्ताने माझा हात दाबला. "आई, काही बोलू नकोस हं."
"झकास आहे," म्हटलं. होताच.

२६ ऑक्टोबर, रविवार
दिवाळी सरली. घर रिकामं वाटतं, म्हणजे आहेच. मुक्ता दिवसभर बी विंगला. जेवायला पण तिकडेच. मी तिच्यासाठी कापसाचं बोंड आणून ठेवलंय, सरकीपासून सुतापर्यंत असा सगळा बेत होता. आज एकटीनेच थोडी सरकी काढली.
पूर्वी होमस्कूलिंगवाल्यांचा आमचा ग्रुप होता. बोरिवलीची एक आई माझ्या फार जवळची, तासन्‌तास फोन चालायचे. ते गोव्याला गेले. आता ग्रुपवर फक्त शुभेच्छा येतात. माझ्या लॅबमधल्या मैत्रिणी भेटल्या तर विचारतात, "सध्या कुठे तुम्ही?" आणि उत्तर संपायच्या आत मुलांच्या मार्कांवर जातात. दिवसभर मी जिच्याशी बोलते ती व्यक्ती बारा वर्षांची आहे आणि ती आज बी विंगला आहे. लिहूनच टाकते: मला करमत नाही तिच्याशिवाय. तिला माझ्याशिवाय करमतंय.

१ नोव्हेंबर, शनिवार
सामानाची बांधाबांध. या वेळी तोरणमाळ. मुक्ता दारात येऊन उभी राहिली.
"आई, मी नाही येत."
बरं वाटत नाही का, विचारलं. तसं नाही. ऋतुजा रोज संध्याकाळी खाली येते, सातपर्यंत. पण शाळा आता उघडणार, म्हटलं, तासभर तरी मिळेल का तुला ती? "तेवढा चालेल."
दिवसातला एक तास. त्यासाठी अख्खं तोरणमाळ!
मग दुसरं काढलं. "जूनमध्ये मी तिच्या शाळेत जाऊन बघू का?"
तुला उलट्या व्हायच्या, मी म्हटलं. म्हणायला नको होतं.
"मला आठवतही नाही ते," ती म्हणाली. "तुलाच आठवतं."
परत आल्यावर बोलू, असं म्हणून मी कपड्यांच्या घड्या घालत बसले. मं. म्हणाला, "राहू दे ना तिला. आई येऊन राहील. आपण दोघं जाऊ, कधी गेलोय?" खरंच कधी गेलोय? आणि बोलणार काय आम्ही, गाडीच्या क्लचबद्दल?
सासूबाईंना फोन केला. त्या एका शब्दाने बोलल्या नाहीत की मी सांगितलेलं म्हणून. "येतंय गो," एवढंच.

४ नोव्हेंबर, मंगळवार
निघालो. मुक्ता फाटकापर्यंत आली, आजीचा हात धरून. डोळे भरले होते तिचे, पण थांबली ती थांबलीच. मला मनातून वाटत होतं, पळत येईल आणि चढेल. लाजही वाटली तसं वाटल्याची.
ठाणे ओलांडल्यावर विजेच्या तारेवर नीलकंठ. मी सवयीने मागे वळून, "दिसला का गं?" मागे बाक. तन्वी, ३री ब. रुमाल मुक्ता काढून घेऊन गेली.
मं.ने विचारलं, "काय दिसला?" नीलकंठ, म्हटलं. त्याने गाडी हळू केली, पण तोवर मागे पडला होता. "पुढचा दिसला की सांग," म्हणाला. नंतर दोन दाखवले. त्याने चष्मा वर करून नीट बघितले.

६ नोव्हेंबर, गुरुवार
तोरणमाळ. तळं, थंडी, कुणी नाही. मुक्ता असती तर आतापर्यंत निम्म्या झाडांची नावं झाली असती. मला येतात ती मी मनात म्हटली. मं.ने पिठलं केलं, खारट झालं, दोघांनी खाल्लं.
रेंज तळ्याच्या एकाच कोपऱ्यात येते. साडेसहाला तिथे जाऊन फोन लावला. पलीकडे नुसता कालवा, कुणीतरी मोठ्याने आकडे म्हणतंय, कुणीतरी "ए चीटिंग!" म्हणून किंचाळतंय. आणि त्यातून मुक्ता, धापा टाकत. तिचा आवाज मला दोन शब्द ओळखू आला नाही, इतका मोठा. घरात ती कधी एवढ्या मोठ्याने बोलत नाही. गरजच पडत नाही.
"आई, माझ्यावर राज्य आहे, ठेव ना! नंतर करते!"
ठेवला.
मं. चहा घेऊन आला. "काय म्हणाली?" राज्य आहे तिच्यावर, म्हटलं. तो हसला. मग माझ्याकडे बघून शेजारी टेकला. जूनचं काय करायचं, त्याने विचारलं. माहीत नाही, मी म्हटलं. तिला शाळेत उलट्या होतील याची भीती वाटते. होणार नाहीत, याचीही वाटते. हे मी मोठ्याने बोलले का, ते आठवत नाही. चहा गार झाला होता, तो त्याने ओतून दिला आणि दुसरा करायला गेला.
सातला ऋतुजाला हाक येते. त्यानंतर मुक्ता करेल. नंतर करते म्हणाली आहे. मी या कोपऱ्यातच दगडावर बसून लिहितेय, इथून हलले तर रेंज जाते.