फाटकापलीकडची पेटी

नेब्रास्का, १९८८

आदरणीय कर्नल हॅस्किन्स,

युद्धकैद्यांचं पदक तुम्ही माझ्या नवऱ्याच्या छातीवर लावलंत, त्याबद्दल आभार. पण ते परत न्याल का? त्यावरच्या गरुडाभोवतीची काटेरी तार पाहिल्यापासून ऑर्विल पुन्हा कोरियातल्या छावणीत गेलाय. रोज सकाळी मला अंगणात उभं करून हजेरी घेतो.

"अरे, अंडी करपतील!"

"करपू देत. आधी मोजणी."

काल मी फाटकाची कडी काढली, तर माझा दंड घट्ट धरून म्हणाला, "लव्हॉन, वेडी आहेस का? गोळी घालतील."

टपालपेटी फाटकापलीकडे आहे, म्हणून हे पत्र पिठाच्या डब्यात ठेवतेय. कधी इकडे आलात, तर गणवेशात या. आपलीच माणसं सोडवायला आलीत, असं त्याला वाटू द्या.

वाट पाहणारी,
लव्हॉन टेश